उधळ्याला इंग्रजीत काय म्हणतात?

गेल्या महिन्यात पुण्याहून नातीचा फोन आला. आठवीत आहे, इंग्रजी माध्यमात. म्हणाली, "आजोबा, 'स्पेन्डथ्रिफ्ट' म्हणजे काटकसरी ना?" मी म्हटलं, "नाही गं, बरोबर उलटं. उधळ्या." "मग त्यात 'थ्रिफ्ट' कशाला घातलंय?"

मला हसू आलं. हाच प्रश्न १९७८-७९ च्या सुमारास आमच्या खेड्यातल्या शाळेत एका मुलाने मला विचारला होता. तेव्हा मी त्याला म्हणालो होतो, "पाठ कर आणि खाली बस." खरं सांगायचं तर मलाच माहीत नव्हतं. मी मराठी माध्यमातला बी. ए., विषय इतिहास. पण शाळेत इंग्रजी शिकवायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. आदल्या रात्री शब्दकोश बघायचा आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहायचं. एक्स्ट्रॅव्हॅगंट म्हणजे उधळ्या. प्रॉडिगल म्हणजे उधळ्या. स्पेन्डथ्रिफ्ट म्हणजेही उधळ्या. लॅव्हिश, वेस्टफुल, इम्प्रॉव्हिडंट... सगळ्यांसमोर एकच मराठी शब्द. मुलं बिचारी लिहून घेत.

निवृत्तीनंतर वेळच वेळ. तेव्हा मी हे शब्द पुन्हा काढून बसलो. 'थ्रिफ्ट'चा मूळ अर्थ काटकसर नव्हेच. 'थ्राइव्ह' म्हणजे भरभराटणे, त्यातून आलेला तो शब्द. भरभराट, आणि मग त्यातून साठलेली पुंजी. ती पुंजी खर्चून बसलेला तो स्पेन्डथ्रिफ्ट. चाळीस वर्षांपूर्वी कळलं असतं तर त्या पोराला खाली बसवावं लागलं नसतं. 'लॅव्हिश'च्या मुळाशी जुन्या फ्रेंचमधला मुसळधार पावसाचा शब्द आहे. 'प्रॉडिगल' बायबलमधल्या गोष्टीमुळे प्रसिद्ध. मराठीत आपण त्याला 'उधळ्या पुत्र' म्हणतो. तो मुलगा शेवटी घरी परत येतो, म्हणून कितीतरी शिकलेली माणसं 'प्रॉडिगल' म्हणजे 'परत आलेला' असं समजतात. मीही बरीच वर्षं त्यांच्यातलाच!

पण सगळ्यात मजेचा शब्द 'एक्स्ट्रॅव्हॅगंट'. लॅटिनमध्ये याचा अर्थ बाहेर भटकणारा, हद्द सोडून गेलेला. त्यात पैशाचा संबंधच नाही. शेक्सपिअरने 'हॅम्लेट'मध्ये हा शब्द भुताला लावला आहे, आपली जागा सोडून हिंडणाऱ्या भुताला! खर्चाशी त्याची गाठ पडली ती पुढे, अठराव्या शतकाच्या सुमारास.

आता आपलं 'उधळणे' बघा. गुलाल उधळतो, जेजुरीला भंडारा उधळतो, म्हणजे विखुरतो. आणि घोडा उधळतो, बैल उधळतो, म्हणजे दावं तोडून हद्दीबाहेर पळतो. इंग्रजीतला 'स्क्वाँडर' हा शब्दही आधी विखुरण्याचाच होता. म्हणजे इंग्रजीला ज्यासाठी दोन शब्द लागतात ते आपण एकाच क्रियापदात बसवलं आहे. यात अभिमान बाळगण्यासारखं काही नाही, पण मास्तरला अशा गोष्टींचा आनंद होतो.

असो. हद्द सोडून गेलेला, हे ठीक. पण हद्द कोणी आखलेली? हा प्रश्न मला शब्दकोशामुळे पडला नाही. तो आमच्या घरातूनच आला.

आमच्या घरात 'उधळ्या' हा शब्द एकाच माणसासाठी राखून ठेवलेला होता. माझे आजोबा. त्यांना सगळे आप्पा म्हणत. मी जन्मलो १९५१ साली, आप्पा त्याआधी तीन वर्षांपूर्वीच गेले. त्यामुळे ते मला फक्त ऐकून ठाऊक, आणि ऐकायला मिळायचं ते एकच वाक्य: "आप्पांनी पोरीच्या लग्नात शेत उडवलं." गिरणाकाठची सोळा एकर काळी जमीन, त्यातली अकरा एकर सावकाराकडे गेली. उरलेल्या पाचात वडील आणि काका. ही 'पोरगी' म्हणजे माझी आत्या.

आत्याचं लग्न झालं १९३० च्या माघात. शारदा कायदा १ एप्रिल १९३० पासून लागू होणार होता, चौदा वर्षांखालच्या मुलीचं लग्न गुन्हा ठरणार होतं. त्यामुळे त्या दोन-तीन महिन्यांत देशभर लग्नांची नुसती झुंबड उडाली. आत्या तेरा वर्षांची. आप्पांनीही घाई केली. आत्या सांगायची, गावजेवण होतं, वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी, वाजंत्री बाहेरगावची. सांगताना तिचा चेहरा आधी उजळायचा आणि मग पडायचा. भाऊबीजेला ती वडिलांकडून साडी कधी घेत नसे. एक खण आणि नारळ, बस्स. आई आग्रह करायची तर म्हणायची, "वहिनी, माझं घेऊन झालंय. अकरा एकर नेलंय मी." हे ती हसत म्हणायची. लहानपणी मला तो विनोदच वाटायचा.

आता जरा इतिहासाकडे वळतो, मग पुन्हा घरी येऊ.

दख्खनच्या दंग्यांचा धडा मी वर्गात तीस वर्षं शिकवला. पुस्तकात चार ओळी. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला, तो पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला, सरकारने आयोग नेमला, १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. संपला धडा. उठाव करणाऱ्यांना हवी होती ती खतं आणि रोखे. ते हाती आले की चावडीसमोर जाळायचे. माणसांना इजा फारशी केली नाही, एवढं मी पदरचं सांगायचो. आपला खानदेश त्या दंग्यात नव्हता, त्यामुळे आमच्या मुलांना तो धडा परका वाटे.

आयोगाचा अहवाल मात्र मी कधी पाहिला नव्हता. निवृत्तीनंतर भाच्याने तो इंटरनेटवरून उतरवून, छापून, चांगला बांधून दिला. जुनं सरकारी इंग्रजी, एकेक वाक्य पाऊण पानाचं. शब्दकोश शेजारी ठेवून वाचत गेलो, तर फळ्यावरचे माझे सगळे शब्द तिथे भेटायला लागले! त्या काळच्या साहेबी लिखाणात हा ठरलेला सूर होता: दख्खनचा कुणबी कर्जात का बुडतो? तर तो इम्प्रॉव्हिडंट आहे, उद्याचं बघत नाही; एक्स्ट्रॅव्हॅगंट आहे, लग्नकार्यात पैसा उधळतो. रोग सापडला, औषध सरकारकडे नाही. कारण रोग स्वभावाचा!

पण आयोगाने एक गोष्ट केली, जी मला फार महत्त्वाची वाटते. त्यांनी हिशेब पाहिले. गावोगाव फिरून कर्जाच्या नोंदी काढल्या. आणि मग लिहिलं, त्याचा आशय असा: लग्नाच्या खर्चाला कर्जाचं कारण म्हणून वाजवीपेक्षा फार जास्त महत्त्व दिलं गेलं आहे. शेतकऱ्याच्या ऐपतीच्या मानाने हा खर्च एक्स्ट्रॅव्हॅगंट म्हणता येईल, पण असे प्रसंग आयुष्यात येतात किती? वर्षांत वाटून पाहिलं तर तो माणसाने आपल्या सुखासाठी करावा त्याहून फार नाही. खरं कर्ज वाढतं ते लहानलहान, पुन्हा पुन्हा येणाऱ्या रकमांनी: खायला धान्य, बी, बैल, आणि सरकारचा सारा.

सरकारचा सारा! हे सरकारच्याच आयोगाने लिहिलं. त्यांच्यातले एक सदस्य ऑकलंड कॉल्विन यांनी तर वेगळं टिपण जोडून साऱ्याच्या पद्धतीवरच बोट ठेवलं. पुढे १८८३ मध्ये महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात हा लग्नखर्चाचा आरोप त्यांनी घेतलाच आहे आणि शेतकऱ्याच्या घरचं लग्न कसं साधं असतं ते दाखवून दोष सारा, अंमलदार, सावकार आणि भिक्षुकी यांच्याकडे वळवला आहे. वाद घालणारे बदलले, शब्द तेच राहिले.

आणि या आधीची दहा वर्षं घ्या, ती तर आपल्या खानदेशचीच आहेत. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध. तिकडचा कापूस अडकला, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी, आणि इकडे आपल्या कापसाला सोन्याचा भाव. त्याच सुमारास रेल्वे भुसावळपर्यंत आली. जळगाव ही कापसाची मोठी पेठ झाली ती तेव्हापासून. ॲशबर्नर नावाचे कलेक्टर होते, त्यांनी सुधारित बियाण्याचा नाद लावून घेतला होता, शेतकऱ्यांच्या मागे लागून ते पेरायला लावत. शेतकऱ्याच्या हातात पहिल्यांदाच रोकड खुळखुळली. वर्धा-नागपूरकडच्या सरकारी लिखाणात त्या दिवसांचं एक वर्णन फार प्रसिद्ध आहे: शेतकऱ्यांनी म्हणे गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या, नांगराला चांदीचे फाळ लावले, आवडत्या रंगाच्या बैलासाठी वाटेल ती किंमत मोजली. चांदीच्या फाळाने काळी जमीन कशी नांगरली असेल ते तो फाळच जाणे. एखाद्या हौशी पाटलाने केलं असेल. पण ते वर्णन पुस्तकापुस्तकांतून फिरत राहिलं, आणि सगळा कुणबी एक्स्ट्रॅव्हॅगंट ठरला.

त्याच वर्षांत, त्याच कापसाच्या पैशाने, मुंबईत काय चाललं होतं? बॅक बे भरून जमीन काढायच्या कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांपर्यंत चढला होता. प्रेमचंद रायचंद या कापसाच्या राजाच्या शब्दावर बँका पैसे देत होत्या, आणि त्यात गोरे साहेब, पारशी शेठ, गुजराती व्यापारी सगळे होते. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं, कापूस कोसळला, १ जुलैला शेअरबाजार बसला. बँक ऑफ बॉम्बे पुढे बुडाली. याला इंग्रजीत काय म्हणतात? 'स्पेक्युलेशन'. फार तर 'शेअर मेनिया', म्हणजे ताप आल्यासारखं, माणसाचा दोष नव्हे. प्रेमचंदांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर आजही मुंबईत दिमाखात उभा आहे. (तो दानशूर माणूस होता, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.) पण चांदीची धाव ती उधळपट्टी आणि पाचाचे पन्नास हजार तो सट्टा, हे शब्द वाटले कोणी?

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं, शब्दच ते. पण या एका शब्दाने माणसं मारली, तेही सांगतो.

१८७३-७४ मध्ये बिहारात दुष्काळ पडला. काम सर रिचर्ड टेम्पल यांच्याकडे होतं. त्यांनी ब्रह्मदेशातून जहाजं भरभरून तांदूळ आणवला, उदार हाताने वाटला. भुकेने माणसं जवळजवळ मेलीच नाहीत. आता याचं कौतुक व्हावं की नाही? लंडनमध्ये त्यांच्यावर टीकेची झोड उठली. एक्स्ट्रॅव्हॅगन्स! एवढा पैसा कशाला उधळला? मग १८७६ साली आपल्या दख्खनमध्ये आणि मद्रासेत मोठा दुष्काळ आला. १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत लॉर्ड लिटनने राणीसाठी दरबार भरवला, त्याचं वर्णन करताना मात्र 'लॅव्हिश' हा शब्द कौतुकाने येतो. तो आटोपतो न आटोपतो तोच टेम्पलना दुष्काळी भागात पाठवलं, खर्चावर लक्ष ठेवायला. एकदा पोळलेला माणूस. त्यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराचा रोज बांधला: एक पौंड धान्य, म्हणजे आपलं साडेचारशे ग्रॅम, आणि वर थोडे पैसे. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला! मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी काम सोडलं, पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारला अर्ज केले. त्या दुष्काळात देशभर मेलेल्यांचे अंदाज पन्नास लाखांच्या पुढचे आहेत. हेच टेम्पल साहेब १८७७ मध्ये मुंबईचे गव्हर्नर झाले, म्हणजे आपल्या खानदेशचेही. त्यांना कोणी पुन्हा एक्स्ट्रॅव्हॅगंट म्हटलं नाही.

हे वाचून मी दोन-तीन दिवस बेचैन होतो. फळ्यावर लिहून दिलेला शब्द. समोर 'उधळ्या', पूर्णविराम.

आता घरी परत येतो.

२००९ साली गावातलं आमचं जुनं धाब्याचं घर उतरवलं. भिंतीतल्या कपाटात पत्र्याची पेटी निघाली, तिच्यात लाल बासनात आप्पांची वही. मोडीत. मला मोडी येत नाही, ही इतिहासाच्या मास्तरला सांगायची लाज वाटते. एका निवृत्त तलाठ्यांना येते; त्यांच्याकडे आठ-दहा रविवार बसून वाचून घेतली. ते वाचत, मी लिहून घेई. जन्मभर मुलांना लिहून दिलं, आता माझी पाळी.

वही १९२४ ते १९३३. सावकाराकडून आप्पांनी काय काय उचललं ते तारीखवार. बैलजोडी दोनदा, मिळून ३०० रुपये. एक जोडी साथीत गेली होती. सारा भरायला सहा वेळा, मिळून २१०. बी आणि खावटी अकरा वेळा, २८५. विहीर ४५० रुपये. आणि 'चि. सौ. कां. चे लग्नाबद्दल' ३२५. सगळी मुद्दल १५७० रुपये. म्हणजे लग्न साधारण पाचवा हिस्सा. विहिरीचा आकडा लग्नापेक्षा मोठा, आणि त्या विहिरीला पाणी लागलंच नाही! पण "आप्पांनी विहिरीत शेत घातलं" असं घरात कधी कोणी म्हणालं नाही. विहीर म्हणजे शहाणपणाचा खर्च ना.

१९३० च्या त्या माघात आत्याचं लग्न झालं आणि पुढच्याच हंगामात जगातल्या मंदीने कापसाचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला. कापूस तितकाच, पैसा अर्धा, व्याज मात्र पूर्ण. १९३३ ला सावकाराने हिशेब केला तेव्हा रक्कम झाली २६४०. नुसतं व्याज १०७०, लग्नाच्या तिपटीहून जास्त. तलाठी भाऊंनी आकडा वाचून चष्मा काढला आणि म्हणाले, "मास्तर, हे तर आमच्याकडच्या प्रत्येक घराचं आहे."

आप्पा निर्दोष होते असं मी म्हणत नाही. ३२५ रुपये त्यांनी उचलायला नको होते. वाजंत्री गावातली चालली असती. घाईही करायला नको होती. तेरा वर्षांच्या पोरीला कायद्याच्या आधी उजवायची ती घाई, खरा दोष द्यायचा तर तो तिथे आहे. पण त्याबद्दल त्यांना कोणी बोललं नाही.

मला कळत नाही ते हे, की घरच्यांनी तोच आकडा का उचलला? वडील हिशेबी माणूस होते, ही वही त्यांच्याच घरात होती. मला वाटतं, सारा, व्याज, मंदी यांना नाव ठेवून काय करणार? त्यांना चेहरा नाही. लग्नाला चेहरा होता. दर भाऊबीजेला तो दारात येत होता.

आत्या १९९६ मध्ये गेली. वही तेरा वर्षं उशिरा निघाली.

वाचून झाल्यावर मी धुळ्याला आत्याच्या थोरल्या मुलाकडे गेलो. माझ्याहून बराच मोठा, मी त्याला दादा म्हणतो. तेव्हाच पंचाहत्तरीला आलेला. त्यालाही मोडी येत नाही. वही मांडीवर घेऊन म्हणाला, "मायचं लग्न कुठे आहे यात?" मी ओळ दाखवली. आकडा त्याला वाचता आला, आकडे मोडीतही ओळखू येतात. बराच वेळ बोट तिथेच. मग म्हणाला, "एवढंच?"

मी त्याला बाकीचे आकडे सांगायला लागलो तर त्याने हात वर केला. सून चहा घेऊन आली, तिला म्हणाला, "हे बघ, माझ्या आईच्या लग्नाचा खर्च." ती वाकून बघू लागली. मग दोघं त्या विहिरीबद्दल विचारत बसले, ती कुठे होती, किती खोल गेली होती. मला ते नीट सांगता आलं नाही. वहीची मागची चार-पाच पानं ओलीने चिकटली आहेत, ती अजून सोडवायची राहिली आहेत. विहिरीचा तपशील कदाचित तिथे असेल.